सबवूफरची पेटी आणि छोटी मोटार : आकारमानाच्या एका प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

मराठीत 'पेटी' ह्या शब्दाला अनेक अर्थ आहेत. माजघरातील पेटी दागिन्यांची, बैठकीतील पेटी सुरांची, निवडणुकीतील पेटी मतांची. मोटारींच्या साजसामानाचा बाजार वाढला तसा ह्या शब्दाला आणखी एक अर्थ लाभला. मागच्या सीटच्या पाठीशी, डिकीत बसविलेली, गालिच्याच्या कापडाने मढविलेली आणि दहा किंवा बारा इंची सबवूफर पोटात घेतलेली लाकडी पेटी, हा तो अर्थ होय. दुकानदार तिला बहुधा 'बॉक्स' म्हणतात. नाव कोणतेही घेतले तरी ती वस्तू मुळात सुताराची आहे आणि तिच्यात दडलेले गणित मात्र सुताराचे नाही.

तंत्रज्ञानाच्या इतिहासात अशा वस्तूंना सहसा स्थान मिळत नाही. रेल्वे, गिरण्या, धरणे ह्यांचा इतिहास लिहिला जातो. दोन दिवसांत जोडून होणाऱ्या खोक्याचा लिहिला जात नाही. वस्तुतः ह्या खोक्यामागे सुमारे शंभर वर्षांचे संशोधन, पेटंटांचे वाद आणि एका दूरच्या देशातील दोन अभियंत्यांची चिकाटी उभी आहे. प्रस्तुत निबंधात त्याचा मागोवा घेताना एका प्रश्नावर विशेष भर दिला आहे. तो प्रश्न असा की, खर्जाचा स्वर जागा मागतो आणि छोट्या मोटारीत जागा नसते, तर ह्या दोहोंचा मेळ इतिहासात कसा बसला? छोटी गाडी ही खर्जाची शत्रू आहे, असा सार्वत्रिक समज आहे. उपलब्ध ज्ञानाच्या प्रकाशात तो समज तपासून पाहणे आवश्यक ठरते.

स्पीकरला पेटी का लागते

लोहचुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे हलवून ध्वनी निर्माण करण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकातील आहे. जर्मनीत एर्न्स्ट सीमेन्स यांनी १८७४ मध्ये आणि इंग्लंडमध्ये ऑलिव्हर लॉज यांनी १८९८ मध्ये अशा रचनांची पेटंटे घेतली. परंतु आजच्या स्पीकरचा थेट पूर्वज शोधावयाचा झाल्यास १९२५ पर्यंत यावे लागते. त्या वर्षी अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग ह्या अभियंत्यांनी कर्ण्याविना चालणाऱ्या स्पीकरविषयीचा आपला निबंध प्रसिद्ध केला. कागदाचा शंकू, त्याच्या टोकाशी तारेचे वेटोळे आणि भोवती चुंबक, ही त्यांची मांडणी आजही मूलतः तशीच आहे.

ह्या शंकूची एक जन्मजात अडचण होती. शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. वरच्या स्वरांत ह्याने फारसे बिघडत नाही. खालच्या स्वरांत मात्र पुढची लाट शंकूच्या कडेवरून मागे वळते आणि मागच्या लाटेत मिसळून नाहीशी होते. उघडा ठेवलेला स्पीकर पातळ आणि किरटा वाजतो, ह्याचे कारण हेच. राइस आणि केलॉग ह्यांना त्याची जाणीव होती. म्हणूनच त्यांनी स्पीकर फळीत बसविण्याचा आग्रह धरला. पण फळी किती मोठी हवी? ४० हर्ट्झ स्वराच्या लाटेची लांबी सुमारे ८.६ मीटर भरते. मारुती ८०० ह्या गाडीची संपूर्ण लांबी ३.३३५ मीटर होती. म्हणजे त्या गाडीच्या अडीचपटीहून लांब असलेली लाट त्याच गाडीत निर्माण करावयाची, असा हा पेच आहे. फळीला चारी बाजूंनी दुमडून मागची लाट कोंडून टाकणे, हा त्यावरचा उघड उपाय. पेटीचा जन्म ह्या गरजेतून झाला.

पेटंटांचा काळ

लाट कोंडली की दुसरी अडचण उभी राहते. कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. पेटी जितकी लहान तितकी ही स्प्रिंग ताठ, आणि स्प्रिंग जितकी ताठ तितका शंकूचा नैसर्गिक स्वर वर चढतो. त्यामुळे १९३० ते १९५० ह्या काळात चांगला खर्ज म्हणजे कपाटाएवढी पेटी, हे समीकरण रूढ होते. पॉल क्लिप्श यांनी १९४६ पासून विकलेला कोपऱ्यातील कर्णा खोलीच्या भिंतींनाच कर्ण्याचा भाग बनवीत असे. त्याचा आवाज आजही वाखाणला जातो, पण तो ठेवण्यासाठी घराला रिकामा कोपरा हवा.

बेल प्रयोगशाळेतील अल्बर्ट थुरास यांनी ह्या कोंडीतून एक वाट काढली. पेटीला छिद्र ठेवून त्यात ठराविक लांबीची नळी बसविली, तर नळीतील हवा आणि पेटीतील हवा मिळून एका विशिष्ट स्वराला घुमतात. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर जो घुमारा निघतो तोच हा अनुनाद. १९३० मध्ये दाखल केलेल्या ह्या पेटंटाला १९३२ मध्ये मंजुरी मिळाली आणि नळीच्या पेटीचा वंश सुरू झाला. तिच्यात कोंडलेली मागची लाट वाया न जाता कामी येते. मात्र नळीची लांबी, तिचा व्यास, पेटीचे आकारमान आणि स्पीकरचे गुणधर्म ह्यांचा मेळ जमला नाही, तर अशी पेटी एकाच सुरात गुरगुरत राहते. मेळ कसा जमवावा ह्याचे भरवशाचे गणित पुढील तीस वर्षे कोणापाशी नव्हते. कारागीर नळ्या कापून, ऐकून, पुन्हा कापून काम भागवीत.

दुसरी वाट एडगर व्हिलचर यांची. १९५४ मध्ये त्यांनी आपले विद्यार्थी हेन्री क्लॉस यांच्यासह मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे अकौस्टिक रिसर्च ही कंपनी काढली आणि 'एआर-१' नावाचा स्पीकर बाजारात आणला. व्हिलचर यांचा युक्तिवाद साधा होता. पेटीतील हवा स्प्रिंगसारखी वागतेच आहे, तर तिलाच मुख्य स्प्रिंग का करू नये? शंकूचे स्वतःचे निलंबन त्यांनी मुद्दाम सैल ठेवले आणि शंकूला परत आणण्याचे काम हवेवर सोपविले. हवेची स्प्रिंग कापडी किंवा कागदी निलंबनापेक्षा अधिक एकसारखी वागते, त्यामुळे आवाजातील विकृती घटली. आणि १२ इंची स्पीकर सुमारे पन्नास लिटर आकारमानाच्या पेटीत मावला. कपाटातला खर्ज पुस्तकांच्या फळीवर आला, तो असा.

व्हिलचर यांना १९५६ मध्ये पेटंट मिळाले. परंतु पुढे न्यायालयात ते टिकले नाही. आरसीए कंपनीतील हॅरी ओल्सन यांच्या नावे १९४९ चे तत्सम पेटंट आधीच अस्तित्वात होते. व्हिलचर यांनी लढा ताणला नाही. ह्या निकालाचा व्यावहारिक परिणाम असा झाला की, बंद पेटीचे तत्त्व कोणालाही वापरता येऊ लागले. छोट्या मोटारीतील पेटीच्या इतिहासात हा प्रसंग एखाद्या शोधाइतकाच महत्त्वाचा मानावा लागेल.

लहान पेटीची किंमत मात्र चुकवावीच लागते. क्लॉस यांनी पुढे १९५७ मध्ये स्थापन केलेल्या केएलएच कंपनीतील भागीदार अँटन हॉफमन यांच्या नावाने एक 'पोलादी नियम' ओळखला जातो. (हे हॉफमन सुप्रसिद्ध पियानोवादक योझेफ हॉफमन यांचे चिरंजीव, वडिलांचे वाद्य केवढे आणि मुलाचे संशोधन केवढ्या पेटीविषयी, हा योगायोग गमतीचा आहे.) ह्या नियमाचे सार असे : पेटीचा लहानपणा, स्वराचा खालपणा आणि कार्यक्षमता ह्या तिहींपैकी कोणत्याही दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. आकड्यांत सांगावयाचे तर एक सप्तक खाली जायचे असेल आणि कार्यक्षमता तीच ठेवायची असेल, तर पेटी आठपट मोठी करावी लागते. पेटी तेवढीच ठेवली तर कार्यक्षमता एक अष्टमांशावर येते, म्हणजे ९ डेसिबलने घटते. ही तूट भरून काढण्याचा मार्ग एकच, अधिक वीज. ह्या शेवटच्या वाक्यात मोटारीतील सबवूफरचा पुढचा सारा इतिहास सामावलेला आहे.

सिडनीतील गणित

तत्त्वे कळली होती, तरी आराखडा करणे अद्याप अनुभवाचाच भाग होता. ही स्थिती बदलली ती ऑस्ट्रेलियात. नेव्हिल थील हे तेथे ईएमआय कंपनीत अभियंता होते. त्यांनी १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियातील रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात नळीच्या पेट्यांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. पेटीतील स्पीकर हा विद्युत गाळणीसारखा वागतो आणि गाळणीचे तयार गणित त्याला जसेच्या तसे लागू पडते, हे त्यांचे प्रतिपादन. निबंधासोबत त्यांनी २८ प्रकारच्या मांडण्यांचा तक्ता दिला. हा तक्ता दशकभर जवळजवळ दुर्लक्षित राहिला. १९७१ मध्ये अमेरिकेतील ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकाने तो निबंध पुनर्मुद्रित केला आणि तेव्हा कुठे जगाचे लक्ष त्याकडे गेले. संशोधन कोठे छापले जाते ह्यावर त्याचे आयुष्य किती अवलंबून असते, ह्याचे हे ठळक उदाहरण म्हणता येईल.

ह्याच सुमारास सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल पीएच.डी.साठी काम करीत होते. १९७२ आणि १९७३ मध्ये त्यांनी बंद पेटी आणि नळीची पेटी ह्या दोहोंवर क्रमाने निबंध लिहिले. कोणताही स्पीकर मोजक्या आकड्यांत पुरता ओळखता येतो, हे त्यांनी दाखविले : त्याचा मुक्त अनुनाद-स्वर, त्याचे अवमंदन सांगणारा क्यू हा गुणांक, आणि त्याच्या निलंबनाइतका लवचीकपणा असलेल्या हवेचे लिटरमधील आकारमान. आज कोणत्याही सबवूफरच्या खोक्यातील कागदावर हे आकडे छापलेले असतात आणि ते थील-स्मॉल मापके ह्या नावाने ओळखले जातात. पुढे १९९३ मध्ये स्मॉल हे हार्मन समूहाच्या मोटार-ध्वनीशी संबंधित विभागात रुजू झाले, हेही येथे नोंदविण्यासारखे आहे.

पूर्वी पेटीचे ज्ञान कंपनीच्या प्रयोगशाळेत किंवा पेटंटाच्या कागदात बंद होते. स्मॉल यांच्यानंतर ते गुणाकार-भागाकार आणि वर्गमूळ येणाऱ्या कोणाच्याही हाती आले. पुण्यामुंबईच्या एखाद्या गल्लीतील पेटीला सिडनीशी जोडणारा दुवा हाच आहे.

मोटारीत प्रवेश

मोटारीत रेडिओ रुळू लागला तो १९३० पासून, गॅल्व्हिन बंधूंच्या 'मोटोरोला' ह्या नावाने. १९६३ मध्ये फिलिप्सची कॅसेट आली आणि गाडीतील संगीत चालकाच्या निवडीचे झाले. खर्ज मात्र त्यानंतरही बराच काळ दूर राहिला. त्याचे कारण पेटीइतकेच विजेत होते. गाडी चालू असताना बॅटरीच्या तारांवर सुमारे १४.४ व्होल्ट असतात. ४ ओहमच्या स्पीकरला एवढ्या दाबातून साध्या जोडणीत सहा-साडेसहा वॅट आणि पूल-जोडणीत फार तर २६ वॅट शुद्ध शक्ती मिळते. हॉफमनचा नियम तर लहान पेटीसाठी शेकडो वॅट मागतो. गाडीचा दाब आतल्या आत वाढवून घेणारे ॲम्प्लिफायर बाजारात रुळल्यानंतरच, म्हणजे १९७० च्या दशकापासून पुढे, हे गणित सुटू लागले.

मागणी निर्माण झाली ती संगीतामुळे. रोलँड कंपनीचे टीआर-८०८ हे तालयंत्र १९८० ते १९८३ ह्या काळात तयार होत होते. त्यातील लांबत जाणारा खोल ठोका अमेरिकेत, विशेषतः फ्लोरिडातील मायामी शहरात, एका संपूर्ण संगीतप्रकाराचा पाया ठरला. हे संगीत ऐकण्याची खरी जागा दिवाणखाना नव्हती, ती गाडी होती. त्याच फ्लोरिडात गाडीतील संगीत २५ फुटांवर स्पष्ट ऐकू आल्यास दंड करणारा कायदा होता आणि २०१२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. व्यापारी आणि राजकीय प्रचाराच्या वाहनांना त्यातून सूट होती, हा त्यातील दोष. २०२२ मध्ये राज्याने सुधारित स्वरूपात ती अट परत आणली. पेटीचा आवाज गाडीबाहेर पडला की तो अभियांत्रिकीचा विषय राहत नाही, ह्याचा अनुभव असा सर्वत्र येतो.

मारुतीची डिकी

भारतात १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० बाजारात आली. नेमका तोच काळ स्वस्त कॅसेटच्या लाटेचा होता. पीटर मॅन्युअल यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उत्तर भारतातील कॅसेट-संस्कृतीचा जो अभ्यास केला आहे, त्याचे केंद्र घर आणि बाजार हे आहे. गाडीकडे स्वतंत्रपणे पाहण्यास अद्याप वाव आहे. गाडी घेतल्यावर टेप बाहेरून बसवून घेणे हा तेव्हाचा रिवाज. स्पीकर लागत ते मागच्या काचेखालच्या फळीवर, सहा बाय नऊ इंचांचे, लांबट. ती फळी पातळ पुठ्ठ्यासारखी असे आणि तिच्या कडांना फटी असत. तरीही त्या फळीखालची डिकी नकळत पेटीचे काम करी. भारतीय छोट्या गाडीतील पहिली पेटी ही अशी अनाहूत होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

पुढे १९९३ मध्ये झेन आली. १९९८ मध्ये सँट्रो आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यातून इंडिका, तर २००० मध्ये अल्टो. उदारीकरणानंतर विदेशी बनावटीचे ॲम्प्लिफायर आणि सबवूफर उघड बाजारात मिळू लागले. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि कालिन्याचा सीएसटी रोड, पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली आणि नाना पेठ, ह्या बाजारांत एकीकडे इलेक्ट्रॉनिक सुटे भाग आणि दुसरीकडे मोटारीचे सामान मिळे. पेटी ही ह्या दोन व्यापारांच्या सीमेवरची वस्तू. तिला तिसरा हात लागे तो सुताराचा. दुकानात तयार पेट्या मिळत, पण त्या पाहिल्या तर बहुतेक सेडान गाडीच्या मापाच्या. त्या छोट्या गाडीत ठेवल्या की डिकीचे झाकण लागत नसे किंवा मागची सीट पुढे ओढावी लागे.

जागेचा वाद केवळ ध्वनिशास्त्राचा नव्हता. डिकी ही कुटुंबाची जागा आहे. गावाला जाताना तांदळाचे पोते, आंब्यांची पेटी आणि मुलांच्या पिशव्या तिथेच जातात. शिवाय मुंबईत सीएनजीचा प्रसार झाल्यावर ६० लिटर जलधारणक्षमतेची टाकी डिकीत आडवी येऊन बसली. २००९ मध्ये आलेल्या नॅनोने तर इंजिनच मागे नेले, आणि तिचे मागचे दार उघडता येऊ लागले ते २०१५ मध्ये. सीटखाली सरकविता येणाऱ्या चपट्या, ॲम्प्लिफायरसह येणाऱ्या सबवूफरचा खप ह्या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो. त्यांच्यात खरा खर्ज थोडाच असतो. पण तांदळाचे पोते जागेवर राहते.

एका पेटीचे गणित

स्मॉल यांच्या सूत्राचा उपयोग प्रत्यक्षात कसा होतो, हे एका नमुन्यावरून पाहता येईल. दहा इंची सबवूफरच्या कागदावर मुक्त अनुनाद ३२ हर्ट्झ, एकूण क्यू ०.४५ आणि समतुल्य हवा ३० लिटर असे आकडे आहेत, असे गृहीत धरू. बंद पेटीत क्यू ०.७०७ वर आणला की आवाज ना फुगलेला ना दबलेला, असा सपाट राहतो. ०.७०७ ला ०.४५ ने भागून वर्ग केला आणि त्यातून १ वजा केला की १.४७ उरतात. ३० लिटरला ह्या संख्येने भागले की पेटीचे आकारमान मिळते : सुमारे २०.४ लिटर. त्या पेटीत स्पीकरचा अनुनाद ५० हर्ट्झच्या आसपास स्थिरावतो. पेटी निम्मी, म्हणजे १०.२ लिटरची केली, तर क्यू ०.८९ वर आणि अनुनाद ६३ हर्ट्झवर जातो. ठोका अंगावर येतो, पण खोली हरवते. बाजारात ज्या आवाजाला कौतुकाने 'धप धप' म्हणतात, तो पुष्कळदा ह्या चुकीच्या भागाकाराचा आवाज असतो.

स्पीकरचे स्वतःचे धड दीड लिटर जागा खाते, म्हणून पेटी आतून २२ लिटरची धरावी. छोट्या गाडीत मागच्या सीटची पाठ कललेली असते. चौकोनी पेटी ठेवल्यास तिच्यामागे त्रिकोणी जागा फुकट जाते. त्यामुळे पेटीची पाठही कलती करणे हे शहाणपणाचे. आतून रुंदी ४० सें.मी., उंची ३० सें.मी., तळाशी खोली २२ आणि माथ्याशी १४.५ सें.मी. घेतल्यास सरासरी खोली १८.२५ सें.मी. येते आणि आकारमान २१.९ लिटर भरते. १८ मि.मी. जाडीचा एमडीएफ वापरल्यास स्पीकरसह सारे वजन बारा किलोंच्या घरात जाते आणि डिकीचा बराच भाग मोकळा उरतो.

केबिनचे साहाय्य

५० हर्ट्झला अनुनाद असलेली बंद पेटी त्याखाली दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरत जाते. मग २५ हर्ट्झचा स्वर ऐकू येणार कसा? दिवाणखान्यात तो खरोखरच येत नाही. गाडीत येतो, आणि ह्याचे कारण गाडीचा लहानपणा.

लाटेची अर्धी लांबी केबिनच्या सर्वांत लांब मापाहून मोठी झाली की केबिनमध्ये लाट अशी उरतच नाही; संपूर्ण केबिनमधील हवा एकदम दाबली आणि सोडली जाते. ह्या स्थितीत स्वर जसा खाली जातो तसा दाब, तत्त्वतः, दर सप्तकाला १२ डेसिबलने वाढतो. २.४ मीटर लांबीच्या केबिनमध्ये ही सीमा सुमारे ७२ हर्ट्झला येते. मोठ्या गाडीत ती आणखी खाली असते, म्हणजे साहाय्य उशिरा सुरू होते. पेटी १२ ने उतरते, केबिन १२ ने चढविते. उतार आणि चढ एकमेकांना जवळजवळ फेडतात. प्रत्यक्षात दारांच्या फटी, काचा आणि थरथरणारे पत्रे काही दाब गिळून टाकतात, म्हणून हिशेब पुरा जुळत नाही. तरीही दिशा स्पष्ट आहे. व्हिलचर यांनी घरातील फळीसाठी काढलेली तोडजोड छोट्या मोटारीत घराहून अधिक सफल ठरते. छोटी गाडी खर्जाची शत्रू आहे, हा समज म्हणूनच अर्धाच खरा मानावा लागतो : तिची डिकी प्रतिकूल असते, केबिन अनुकूल.

बाजाराने ह्याच्या उलट वाट धरली. नळीची मोठी पेटी त्याच वॅटमध्ये अधिक गाजते, आणि दुकानासमोर उभ्या गाडीत गिऱ्हाईक दोन मिनिटांत जे ऐकते ते गाजणेच असते. केबिनचा चढ आणि नळीचा घुमारा एकाच जागी आला की एकच स्वर फुगतो. मग गाणे कोणतेही लावा, खर्ज तोच.

सुताराचे काम

मिरजेचे तंतुवाद्य-कारागीर तंबोऱ्यासाठी भोपळा पारखून घेतात. पोकळीचा आकार आणि घुमारा ह्यांचे नाते महाराष्ट्रातील कारागिरांना नवे नाही. सबवूफरच्या पेटीत मात्र अपेक्षा नेमकी उलटी असते, आणि गल्लत होते ती येथे. तंबोऱ्याचे लाकूड गायले पाहिजे. सबवूफरच्या पेटीचे लाकूड मुके राहिले पाहिजे. पातळ, हलके आणि घुमणारे लाकूड चांगले, ही सुताराची पिढीजात पारख ह्या कामी घातक ठरते. येथे जड आणि निर्जीव फळी हवी. एमडीएफ त्यासाठीच पसंत केला जातो. पावसाळ्यात डिकीत पाणी शिरते अशा जुन्या गाडीत मात्र तो फुगतो आणि तिथे चांगले जलरोधक प्लायवूड बरे.

जोड फेव्हिकॉल आणि स्क्रू दोन्हींनी पक्के करतात आणि आतून प्रत्येक सांध्यावर सिलिकॉनची रेघ ओढतात. पेटी हवाबंद झाली की नाही ह्याची परीक्षा सोपी आहे. शंकू बोटांनी हलकेच आत दाबून सोडावा. तो सावकाश परत आला तर पेटी बंद. चटकन परत आला तर कुठेतरी फट आहे, आणि ती बहुधा तारेच्या भोकापाशी सापडते. आत उशीत भरण्याचा पॉलिएस्टरचा कापूस सैलसर भरल्यास हवेची उष्णता तो शोषून घेतो आणि पेटी आहे त्याहून मोठी असल्यासारखी वागते. तत्त्वतः ही वाढ ४० टक्क्यांपर्यंत जाते, व्यवहारात त्याच्या निम्मी मिळाली तरी पुष्कळ. २० लिटर जागेतून दोन-तीन लिटर अशी फुकट मिळत असताना कापसाकडे दुर्लक्ष का होते, हे कोडेच आहे.

पेटी गाडीच्या तळाला बोल्टने जखडणे आणि बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत तारेला फ्यूज देणे, ह्या दोन गोष्टी ध्वनीशी संबंधित नाहीत म्हणून टाळल्या जातात. अपघातात सुटी बारा किलोंची पेटी थेट मागच्या सीटवर येते, आणि छोट्या गाडीत त्या सीटवर मुले बसलेली असतात.

कायद्याचा कान

भारतात ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा त्यांनी घातली, आणि जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिप्रदूषणाविषयी विस्तृत निकाल दिला. परंतु ह्या मर्यादा 'ए' नावाच्या मापपट्टीवर मोजल्या जातात. ही मापपट्टी फ्लेचर आणि मन्सन ह्यांच्या १९३३ च्या प्रयोगांतून आली. मंद आवाज ऐकताना मानवी कान खालच्या स्वरांना जितका कमी दाद देतो, तितके ते स्वर ती वजा करते. ५० हर्ट्झला ही वजावट सुमारे ३० डेसिबल आहे. आवाज मोठा झाला की कान मात्र खर्जाला इतके कमी लेखत नाही. त्यात भर म्हणजे भिंत वरचे स्वर अडविते आणि खर्जाला वाट देते. रस्त्यावर उभ्या गाडीतील गाण्याचे शब्द शेजारच्या घरात पोहोचत नाहीत, ठोका तेवढा पोहोचतो. खिडकीची काच आणि फडताळातील भांडी थरथरतात. यंत्रावर ८० डेसिबलचा हा ५० हर्ट्झचा ठोका ५० इतकाच दिसतो, आणि दिवसा तो नियमात बसतो.